एसी २४वर, तरी मामाजी गोधडीत आणि मीटर सुसाट. थर्मोस्टॅटचं काय चुकून राहिलं?

अबोली_आर्वी | १० मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती पाहतात. मार्चमध्ये सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, बायपास झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यंदाचा उन्हाळा यांना उकाड्यात काढू देऊ नका. त्यामुळे आमच्या घरात पहिल्यांदाच एसी आला. दीड टनाचा, इन्व्हर्टर, तीन स्टार. खोली बारा बाय चौदा, वर स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात.

रिमोटवर २४ ठेवलं आहे, त्याला कोणी हात लावत नाही. तरी रात्री अकरा वाजता मामाजी गोधडी मागतात. बाहेर ४५ डिग्री तापलेला दिवस आणि घरात माणूस गोधडीत! बाहेरचा डब्बा मात्र रात्रभर एका सुरात घोंघावत असतो. दुकानदार म्हणाला होता, इन्व्हर्टर आहे, खोली गार झाली की आपोआप हळू होईल. होतच नाही. काल मीटर पाहून ठेवलं: रात्री दहा ते सकाळी सहा, फ्रिज-पंख्यासकट ११ युनिट. एप्रिलचं बिल ४१२ युनिटचं आलं. आमचं उन्हाळ्यातही १८०च्या वर कधी गेलं नव्हतं.

दुसरं, दोनला बंद व्हावा म्हणून टायमर लावते, तर सकाळी पाहावं तो चालूच. दोन्हींवर काही सुचवा. मामाजी म्हणून राहिले, "पोरी, विकून टाक हा डब्बा."

शंकासुर | १० मे, रात्री १०:५१

२४वर खोली गार व्हायलाच वेळ लागतो, म्हणून तो धावत राहतो. आधी अर्धा तास १६वर ठेवा, पटकन गार करून घ्या, मग २४ करा. आम्ही असंच करतो.

पाना_पेंचिस | ११ मे, सकाळी ७:०५

शंकासुर भाऊ, राग मानू नका. यवतमाळ भागात एसी-फ्रिज दुरुस्तीत माझी अठरा वर्षं गेली, आणि हा गैरसमज घरोघरी पाहतो. रिमोटवरचा आकडा म्हणजे गाडीचा अॅक्सिलरेटर नाही. कुठं थांबायचं, एवढंच तो सांगतो. खोली ३८ असेल तर २४ मागा की १६ मागा, कॉम्प्रेसर सुरुवातीला सारखाच जीव तोडून पळणार. फरक इतकाच की १६वर तो थांबायचं नाव घेत नाही, कारण मे महिन्यात आपल्याकडच्या खोल्या १६पर्यंत जातच नाहीत. तुम्ही आकडा बदलायचं विसरलात की रात्रभर मीटर पळते.

१ जानेवारी २०२० पासून स्टारवाला एसी चालू केला की आधी २४च दाखवला पाहिजे असा नियम आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एक डिग्री वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. वर पंखा चालू असेल तर २६-२७ला म्हाताऱ्या माणसालाही छान झोप लागते.

आणखी एक. स्टारच्या स्टिकरवर वर्षाची जी युनिटं लिहिलेली असतात ती १६०० तासांची असतात, आणि हिशोबात बाहेरचं तापमान २४ ते ४३ धरलेलं असते. आपल्याकडं नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, ४३ला लोक "आज जरा बरं आहे" म्हणतात. तेव्हा स्टिकरच्या आकड्यावर घरखर्च बसवू नका.

अबोलीताई, तुमची गोष्ट मात्र वेगळी दिसते. माणूस कुडकुडते आणि मशीन थांबत नाही, म्हणजे मशीनला खोली गरमच वाटून राहिली. मला तीन गोष्टी सांगा. जाळी शेवटची कधी धुतली? बाहेरचं युनिट कुठं बसवलं? रिमोट कुठं ठेवता?

खारपाणपट्टा | ११ मे, सकाळी ९:१२

ताई, येसी घेतला तं घेतला, पण कुलर काढून कायले टाकला? आम्ही दर्यापूरकडचे. आमच्या घरी मे महिन्यात सकाळी नऊपासून सांजेपर्यंत कुलरच चालते. हवा कोरडी असली का कुलरसारखं जनावर नाई. मोटर अन् पंप मिळून दोनशे वॅटच्या आतबाहेर. तुमचा येसी पुऱ्या ताकदीनं चालला तं दीड हजार. हिशोब तुमीच करा, तुमी शाळेच्या बाई हा!

फक्त दोन गोष्टी. एक, खिडकी उघडी पाह्यजे. लोक कुलर लावतात अन् खोली डब्यावानी बंद करतात, मंग म्हनतात चिकचिक होते. ओली हवा जाईन कुठून? दोन, पानी. आमच्या पट्ट्यातलं पानी खारं. पंधरा दिवसात कुलरच्या गवती ताट्यांवर पांढरी पापडी धरते, मंग हवाच येत नाई. आमी चार दिवसाआड टाकी पूरी खाली करतो. नुसतं वरतून पानी टाकत राह्यलं तं खार टाकीत वाढतच जाते, कारन वाफ फक्त पान्याची होते, मिठाची होत नाई.

नागपूर_ते_न्यूजर्सी | ११ मे, सकाळी ९:४०

(माझी रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लांबण लावतो.)

मूळचा काटोलचा, इथे वीस वर्षं झाली. इथे अख्ख्या घराला एक यंत्र आणि भिंतीवर एक थर्मोस्टॅट असतो. त्यात आठवड्याचं वेळापत्रक भरता येतं: सकाळी उठायच्या आधी इतकं, घर रिकामं असताना तितकं, झोपताना आणखी वेगळं. उन्हाळ्यात घरी असताना ७८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सिअस ठेवा, असा सल्ला इथे नेहमी मिळतो. घरात कोणी नसेल तेव्हाचे आठ तास ७ ते १० फॅरनहाइटने ढिलं सोडलं, तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते असं इथलं ऊर्जा खातं सांगतं. लोकांना वाटतं, परत गार करायला जास्त वीज लागत असेल. तसं नाही. घर जितका वेळ गरम राहतं, तितकी बाहेरची उष्णता आत कमी शिरते.

पण पहिल्या वर्षी माझं वेळापत्रक सपशेल फसलं होतं. कारण ऐकून हसाल. थर्मोस्टॅटच्या खाली आम्ही टेबल लॅम्प ठेवला होता. दिवा लावला की थर्मोस्टॅटला वाटायचं घर तापलं, आणि आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो. इथला मेकॅनिक आल्या आल्या म्हणाला, पहिला नियम: थर्मोस्टॅट उन्हाच्या भिंतीवर नको, खिडकीशी नको, दिव्याजवळ नको. लॅम्प हलवला, त्याने येण्याचे पैसे घेतले आणि गेला.

शंकासुर | ११ मे, सकाळी १०:१५

आर्वीच्या धाग्यावर न्यूजर्सीचा थर्मोस्टॅट! तिकडं लाईन जात नाही, भाऊ. इकडं वेळापत्रक महावितरण ठरवते. :)

अंडीवाला | ११ मे, दुपारी १:३०

शंकासुर, हसू नका, थर्मोस्टॅट आमच्या खेड्यातही आहे. माझा गावरान कोंबड्यांचा व्यवसाय. अंडी उबवायच्या पेटीत ३७.५ डिग्री धरून ठेवायला 'एसटीसी-१०००' नावाचा छोटा कंट्रोलर वापरतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मागच्या वर्षी एक शिल्लक होता, तो मी घरच्या कुलरला जोडला.

पंख्याला नाही जोडला, फक्त पाण्याच्या पंपाला. सेन्सरची वायर खाटेच्या उशाशी सोडली. ३०च्या वर गेलं की पंप चालू, २८ला बंद, पंखा आपला फिरत राहतो. पहाटे तीन-चारला बाहेरची हवा गार होते, तेव्हा पंप आपोआप थांबतो. सकाळी अंग जड होत नाही आणि पाणीही वाचते. मोठा कुलर भर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. आमच्याकडं मे महिन्यात टँकर येते, त्यामुळे युनिटपेक्षा मी लिटर मोजतो.

चालू-बंदमधला फरक दोन डिग्री तरी ठेवा. अर्धा डिग्री ठेवला तर आतली रिले (चालू-बंद करणारा स्विच) टकटक करत राहते आणि महिन्यात जळते. माझी जळली, म्हणून माहीत. ज्याला वायरिंग कळत नाही त्यानं हे स्वतः करू नये. कुलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एकाच जागी.

अबोली_आर्वी | ११ मे, संध्याकाळी ७:४५

सगळ्यांचे आभार. पानाभाऊंच्या प्रश्नांची उत्तरं देते.

जाळी: लाज वाटते सांगायला, पण एसी आल्यापासून धुतलीच नव्हती. धुवायची असते हेच कोणी सांगितलं नाही. आज काढली तर ती जाळी कुठली, पांढरी रजई होती. बाजूच्या खोलीत यंदाचा कापूस भरून ठेवलेला आहे, भाव वाढेल म्हणून. (वाढला नाही, तो धागा वेगळा.) कोणी त्या खोलीचं दार उघडलं की भुरका उडतो, आणि तो सगळा जाळीत जाऊन बसला होता. नळाखाली उलट्या बाजूनं पाणी मारलं, सावलीत वाळवली.

बाहेरचं युनिट: पश्चिमेच्या भिंतीवर, गोठ्याच्या पत्र्याच्या वर.

रिमोट: इथंच मी अडले. न्यूजर्सीच्या दादांचा लॅम्प वाचला आणि उठून पाहायला गेले. आमच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीत जुनी देवळी आहे. रिमोट तिच्यात असतो, म्हणजे हरवत नाही. त्याच देवळीत सेट टॉप बॉक्स आहे. आणि दिवेलागणीला सासूबाई तिथंच दिवा लावतात.

पण रिमोटनं काय फरक पडतो? थर्मोस्टॅट तर एसीच्या आत असेल ना?

पाना_पेंचिस | ११ मे, रात्री ८:१०

ताई, रिमोटच्या काचेवर आकड्याशेजारी एखाद्या माणसाचं किंवा घराचं बारकं चित्र दिसते का? पाहून लगेच सांगा.

अबोली_आर्वी | ११ मे, रात्री ८:१४

हो! उभ्या माणसाचं चित्र आहे. मला वाटलं, सजावट असेल.

पाना_पेंचिस | ११ मे, रात्री ८:३८

सापडलं. आता सगळ्यांसाठीच सांगतो, कारण हे पुस्तिकेत असते आणि पुस्तिका कोणी उघडत नाही.

एसीच्या आतल्या युनिटमध्ये, जाळीच्या मागं, एक तांदळाएवढा सेन्सर असते. खोलीतून परत येणारी हवा किती गरम आहे ते तो मोजतो आणि त्यावरून कॉम्प्रेसरची चाल ठरते. पण तो छताजवळ असल्यानं त्याला वरची गरम हवा लागते. म्हणून काही कंपन्यांनी रिमोटमध्येही एक सेन्सर बसवला. त्याचं बटन दाबलं की ते माणसाचं चित्र दिसते आणि एसी स्वतःचं न ऐकता रिमोटचं ऐकतो, रिमोट दर थोड्या मिनिटांनी त्याला आपल्याजवळचं तापमान कळवत राहतो. कल्पना चांगली, पण रिमोट माणसाच्या उशाशी असला तरच. तुमचा रिमोट तापल्या भिंतीत, सेट टॉप बॉक्सच्या आणि दिव्याच्या शेजारी बसून रात्रभर "गरम होते, गरम होते" म्हणून ओरडत होता. एसी बिचारा ऐकत होता.

ते बटन चुकून दाबलं गेलं असेल. एकतर बंद करा, नाहीतर रिमोट खाटेजवळ आणा.

अंडीवाला | ११ मे, रात्री ८:५०

ताई, करून पाहायच्या आधी दोन्ही जागी थर्मामीटर ठेवून पाहा. शाळेत असेलच.

अबोली_आर्वी | १३ मे, सकाळी ६:३०

विज्ञानाच्या पेटीतला थर्मामीटर घरी आणला. रात्री दहाला खाटेजवळ २१ होतं, देवळीत ३३. मामाजींना दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे मी थंडीनं मेलो असतो अन् देव घामानं."

माणसाचं चित्र बंद केलं, आकडा २६ केला, पंखा दोनवर. बाराच्या सुमारास बाहेरच्या डब्ब्याचा आवाज पहिल्यांदा बसला. मी उठून बाहेर जाऊन पाहिलं, मला वाटलं बिघडला. पंखा हळूहळू फिरत होता. आठ तासांची ५ युनिटं झाली, आधी ११ व्हायची. यातलं किती धुतलेल्या जाळीमुळं आणि किती रिमोटमुळं ते मला सांगता येणार नाही, दोन्ही लागोपाठ केलं. शाळेत पोरांना मात्र सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची!

टायमरचं तेवढं राहिलं.

पाना_पेंचिस | १३ मे, सकाळी ८:००

टायमरचा दोष तुमचा नाही. रात्री लाईन जाते का?

अबोली_आर्वी | १३ मे, सकाळी ८:२०

रोजच. पाच मिनिटं, कधी अर्धा तास.

पाना_पेंचिस | १३ मे, सकाळी ९:०५

बस. लाईन परत आली की एसी आपोआप सुरू होतो, मागच्या आकड्यावर. पण बऱ्याच मॉडेलात टायमर पुसला जातो, म्हणून तो सकाळपर्यंत चालतो. शंकासुर थट्टेत बोलले पण खरं बोलले, खेड्यात टायमरच्या भरवशावर राहू नये. वायफायवाल्या एसीचं वेळापत्रक मोबाईलमध्ये टिकते, पण लाईन आल्यावर आधी राउटर जागा झाला पाहिजे.

मी गावातल्या गिऱ्हाइकांना एकच सांगतो: टायमर सोडा, आकडा वर ठेवा. २७ आणि पंखा. पहाटे बाहेरची हवा उतरली की मशीन स्वतःच सुस्त होते. लाईन गेली-आली तरी बिघडत नाही. स्लीपचं बटन असेल तर तेही बरं, ते तासाला एकेक करून एक-दोन डिग्री वर नेते, पण लाईन गेल्यावर ते टिकते का ते एकदा मेन स्विच बंद-चालू करून पाहून घ्या.

लाईन आल्यावर दोन-तीन मिनिटं नुसती हवा येईल, गार नाही. बटनं दाबत बसू नका. आतला दाब उतरेपर्यंत कॉम्प्रेसर मुद्दाम थांबतो.

आणि व्होल्टेज बघा. शेतीचे पंप चालू असले की आमच्याकडं काही गावात १६०-१७०वर येते. तुमच्या मॉडेलला किती चालते ते मागच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असते. त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर लागतोच.

खारपाणपट्टा | १३ मे, सकाळी ११:४०

अन् अर्थिंग! कोनी बोललंच नाई. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कुलरचा शॉक लागून मानसं जातात. ओली फरशी, उघडे पाय, लोखंडी कुलर. पानी भराच्या आधी पिन काढाची म्हंजे काढाची, नुसतं बटन बंद करून भागत नाई. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठन पडते, मंग तार असून नसल्यावानी. आमी दर आठ दिवसानं खड्ड्यात दोन बादल्या पानी टाकतो.

पाना_पेंचिस | १३ मे, दुपारी १२:१०

लाख बोललात. त्याच्या जोडीला ३० मिलीअॅम्पियरचं ईएलसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) बसवा. पंख्याच्या बोर्डातून एसी चालवू नका. दीड टनाला मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच).

नागपूर_ते_न्यूजर्सी | १३ मे, रात्री ८:००

लॅम्प कामी आला, बरं वाटलं. एक विचारतो, गच्चीवर सोलर का नाही बसवत? सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे असं वाचलं.

अबोली_आर्वी | १३ मे, रात्री ९:२५

चौकशी केली, दादा. पण लाईन गेली की ते साधं सोलरही बंद पडतं म्हणाले, तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. आमची लाईन जाते नेमकी तेव्हाच गरज असते. पुढच्या वर्षी पाहू, कापूस विकला गेला तर.

सध्या ह्यांनी स्लॅबवर दोन हात चुना मारला आणि पश्चिमेच्या भिंतीला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कूड उभा केला. बाहेरच्या डब्ब्यासमोर मात्र काही ठेवलं नाही, गरम हवा अडते म्हणून. दिवसा आता कुलर, खिडकी उघडी. एसी रात्री दहानंतर. खारपाणपट्टा दादांचं ऐकलं.

शंकासुर | १४ मे, सकाळी ७:३०

मी पण रात्री १६ न करता थेट २६ ठेवून पाहिलं. वीस मिनिटं जास्त वाट पाहावी लागेल असं वाटलं होतं. नाही लागली. एवढंच लिहितो.

अबोली_आर्वी | १९ जून, संध्याकाळी ६:१५

धागा वर काढते. मेचं बिल २६८ युनिट. तीनशेच्या आत राहिलो, म्हणजे वरचा महाग टप्पा लागला नाही.

पाऊस सुरू झाल्यावर कुलर लावला तर अंग चिकट, गादी ओलसर. तो धुऊन, ताट्या काढून माळ्यावर टाकला. एसीही आता लागत नाही. मामाजी विचारून राहिले, बाहेरच्या डब्ब्याला मेनकापड गुंडाळायचं का?

पाना_पेंचिस | १९ जून, रात्री ९:००

गुंडाळू नका. तो पावसासाठीच बनवलेला असतो. मेनकापडात ओल कोंडते, पत्रा गंजते आणि उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. खालून उंदीर शिरत असतील तर जाळी लावा. पुढच्या मार्चमध्ये मेन स्विच बंद करून बाहेरच्या डब्ब्यातल्या पातळ, दाट पात्यांवरची (पंख्याच्या नव्हे) धूळ हलक्या पाण्यानं धुवा, जोराचा फवारा नको, पाती दबतात. कोणी आला आणि न तपासता "गॅस भरावा लागेल" म्हणाला तर आधी गळती कुठं आहे ते दाखव म्हणा. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही.

आणि रिमोटातले सेल काढून ठेवा, महिनोन्महिने पडून राहिले की पाझरू शकतात.

अबोली_आर्वी | १९ जून, रात्री ९:२०

सेल मामाजींनी कालच काढले. देवळीवरच्या घड्याळात घातले आहेत.